पहिला फ्रेटलेस बेस: स्वस्तात घ्या, पण कडेची टिंबं बघून घ्या

साधा बेस गिटार तुम्ही थोडाफार वाजवता, आता फ्रेटलेस, म्हणजे गळ्यावर फ्रेटच्या आडव्या धातूच्या पट्ट्या नसलेला बेस, खुणावतोय आणि बजेट तोकडं आहे, असं धरून लिहितेय. पिकअप म्हणजे काय वगैरे सांगत बसत नाही.

स्वस्तातले मार्ग दोनच. एक, स्क्वायर क्लासिक व्हाइबसारखा कारखान्यातूनच फ्रेटलेस आलेला बेस, शक्यतो सेकंड हँड. दुसरा, जुन्या बेसचे फ्रेट काढून केलेला. फ्रेटलेसचा नामांकित वादक जॅको पास्टोरियसनं १९६२च्या फेंडर जॅझ बेसचे फ्रेट काढले, खाचा बुजवल्या आणि वर बोटींना लावतात तसलं इपॉक्सी चढवलं, हा किस्सा कानावर आला की प्रत्येकाचे हात शिवशिवतात. हातात पक्कड घेऊ नका. फ्रेट निघतात, पण बोर्डाच्या, म्हणजे गळ्यावरच्या लाकडी पट्टीच्या, ढलप्याही निघतात. शिवाय ब्रिज (तारांचा खालचा टेकू) खाली घेता आला तरी नटच्या (वरच्या टोकाच्या टेकूच्या) खाचा जुन्याच उंचीवर राहतात. फ्रेटलेसवर नटपाशी तार बोर्डाला जेमतेम टेकत नाही इतपतच हवी. ती उंच राहिली तर सुरुवातीचे सूर दाबताना तार ताणली जाते, सूर चढतो आणि आपण आपल्याच कानाला बोल लावतो.

आता मुख्य मुद्दा. इथे मी स्वतः फसले, म्हणून जरा लांबण लावते.

साध्या बेसवर गळ्याच्या कडेची टिंबं, म्हणजे जागा ओळखायच्या खुणा, दोन फ्रेटच्या मधोमध असतात. बोट तिथे कुठेही पडलं तरी चालतं, कारण सूर ठरवतो तो फ्रेट. फ्रेटलेसवर सूर ठरवतं तुमचं बोट, आणि ते पडायला हवं जिथे फ्रेट असता नेमकं तिथे. फ्रेटलेस म्हणूनच बनवलेल्या बऱ्याच बेसवर टिंबही त्याच जागी असतं. पण सगळ्यांवर नाही! फ्रेट काढलेल्या बेसवर तर टिंबं जुन्याच जागी, मधोमध असतात. ३४ इंची स्केलवर (नट ते ब्रिज तारेची लांबी) दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटमध्ये साधारण ४३ मिलिमीटर अंतर असतं. म्हणजे टिंबावर इमानदारीत बोट ठेवलंत, तर तुम्ही दोनेक सेंटिमीटर मागे आणि सूर जवळजवळ पाव स्वरानं उतरलेला. वर बाराव्या फ्रेटपाशी हेच अंतर २५-२६ मिलिमीटरवर येतं, त्यामुळे चूक हातापेक्षा कानाला आधी कळायला हवी. नवख्या कानाला ती कळत नाही. बोट मागे टाकायची सवय मात्र पक्की होते, आणि ती मोडता मोडत नाही.

दुकानात एवढं करा: बेस सुरात लावा, बाराव्या जागी हार्मोनिक वाजवा (तार न दाबता नुसतं बोट टेकवून), मग तार दाबून तोच सूर शोधा. दोन्ही जुळले की बोट कुठे आहे ते बघा. टिंबाच्या समोर? उत्तम. टिंबाच्या पुढे, ब्रिजच्या बाजूला? तरी घ्यायला हरकत नाही, फक्त घरी आल्यावर योग्य जागी नवी टिंबं लावून घ्या. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

बोर्डावर फ्रेटच्या जागी रेषा असाव्यात की नसाव्यात? असाव्यात. ‘रेषा म्हणजे लबाडी’ असं सांगणारे गुरुजी भेटतील, त्यांना नमस्कार करा आणि रेषावाला घ्या. फक्त वाकून तिरकं बघितलं की रेषा सरकल्यासारखी दिसते, त्यामुळे शेवटी भिस्त कानावरच.

प्रत्येक तारेवर एकेक सूर चढत जा. एकाच टापूत आवाज गुदमरत असेल तर बोर्डाला तिथे उंचवटा आहे, तो बेस सोडून द्या. सगळीकडे सारखी हलकी गुणगुण असेल तर ती हवीच, फ्रेटलेसचा तो ‘म्वा’ असा गुंजणारा आवाज तिथूनच येतो.

तारा फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) घ्या. राउंडवाउंड (खरबरीत) तारा शिसवी बोर्डावर कानशीसारख्या चालतात. २०१७मध्ये शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, तेव्हापासून स्वस्त वाद्यांवर ‘इंडियन लॉरेल’ हे लाकूड बरंच दिसू लागलं. हा म्हणजे आपल्या सह्याद्रीतला ऐन. नाव ऐकून नाक मुरडू नका.

क्लिप ट्यूनरकडे टक लावून सराव करणं हा शॉर्टकट मला साफ नामंजूर आहे. त्यानं डोळे तयार होतात, कान नाही. त्यापेक्षा ई तारेसाठी तानपुऱ्याचं ॲप पांढरी तीनला लावा, ए तारेसाठी पांढरी सहाला, आणि त्यात एकेक सूर मिसळेपर्यंत धरून ठेवा. शिकवायला बेसवाला नाही मिळाला तर गाण्याचा किंवा व्हायोलिनचा मास्तर धरा. नुसत्या गिटारवाल्यापेक्षा तो जास्त कामाचा. सुरुवातीला सगळंच बेसूर वाटेल. वाटू द्या, सगळ्यांचं तसंच असतं.

आणि भाव करायला लाजू नका. सेकंड हँड फ्रेटलेसला गिऱ्हाईक कमी, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. नट आणि सेटअपचा (तारांची उंची वगैरे जुळवण्याचा) खर्च आधी विचारून घ्या, आणि तेवढे पैसे किमतीतून खाली आणायला लावा.