नाक खाली घालणारी लेन्स गिम्बलवर कशी बसवायची

'तुमचा गिम्बल किती किलो उचलतो?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. गिम्बल म्हणजे मोटरांच्या जोरावर कॅमेरा स्थिर ठेवणारं, हातात धरायचं यंत्र. मी माझ्या डीजेआय आरएस ३ प्रोचा आकडा सांगतो, साडेचार किलो, आणि विचारणारा खूश होतो. सोनी एफएक्स३ कॅमेरा बॅटरी-कार्डासकट ७१५ ग्रॅम, फुजिनॉन एमके १८-५५ मिलिमीटर ही सिने झूम (सिनेमासाठीची झूम) लेन्स ९८० ग्रॅम, म्हणजे बेरीज पावणेदोन किलोच्या आत. मग घोडं अडतं कुठे? लांबीत. ही लेन्स वीस सेंटिमीटरहून लांब आहे. कॅमेरा ज्यावर बसतो ती प्लेट कितीही मागे सरकवा, कॅमेऱ्याची पाठ मागच्या मोटरला टेकते आणि लेन्सचं नाक खालीच जातं. तेव्हा किलोचा हिशोब सोडा, ग्रॅम गुणिले सेंटिमीटर असा हिशोब धरा.

तो धरला की पहिला बळी मॅट बॉक्सचा, म्हणजे लेन्सपुढे लावायच्या, नको तो उजेड अडवणाऱ्या चौकटीचा. समजा तो ३०० ग्रॅमचा आहे आणि टिल्टच्या ॲक्सिसपासून (कॅमेरा ज्या आसाभोवती वर-खाली झुकतो त्यापासून) १५ सेंटिमीटर पुढे आहे. त्याला तोलायला ९ सेंटिमीटर मागे ५०० ग्रॅम लागतात. म्हणजे एका मॅट बॉक्सपायी ८०० ग्रॅम डोक्यावर. मी तो काढतो आणि ८२ मिलिमीटरचा फिल्टर सरळ लेन्सवर फिरवतो. फोकस फिरवणारी मोटरही लेन्सखालच्या रॉडवर जितकी मागे बसेल तितकी मागे. आणि मागे वजन लावायचंच असेल तर मेलेलं वजन कशाला? बॅटरीच लावा, निदान कामाला तरी येते.

आता गिम्बल बंद ठेवा. बंद म्हणजे बंद. मोटरा चालू असताना तोल कळतच नाही, त्या लपवतात. शूटला जे जे लागणार ते सगळं लावून घ्या: कार्ड, बॅटरी, फिल्टर, केबल. लेन्सचं झाकण काढा. झूम मधोमध ठेवा. सिने झूमची लांबी झूम करताना सहसा बदलत नाही, हा फोटोच्या झूमपेक्षा मोठाच फायदा. पण आतल्या काचा पुढे-मागे होतात, म्हणून शेवटी दोन्ही टोकांना तपासायचं. एखादा शॉट पूर्ण ५५ वरच घ्यायचा असेल तर मी सरळ ५५ वरच तोल लावतो.

कॅमेरा एकाच पाव इंची स्क्रूवर टांगू नका. लांब लेन्स त्याला पान्यासारखी पिळते. प्लेटला कॅमेरा फिरू न देणारा टेकू असतो, तो लावाच. लेन्सखालीही आधार हवा आणि वरून पट्टा, कारण माउंटमध्ये, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडते तिथे, केसाएवढी ढिलाई असली तरी लेन्सच्या टोकाशी ती दिसण्याइतकी होते.

लॉक उघडताना डावा हात लेन्सखाली. हे मी शहाणपणाने सांगत नाही, माझ्या फिल्टरच्या कडेला खाच आहे म्हणून सांगतोय. एका हाताने टिल्टचं लॉक उघडलं, दुसऱ्या हातात फोन होता. नाक धाडकन खाली आलं आणि थेट गिम्बलच्या दांड्यावर आपटलं. लेन्स वाचली. फिल्टर मात्र आता निघत नाही. असिस्टंट म्हणाला, "दादा, आता हा कायमचाच!" खरंय.

पहिल्यांदा लेन्स समोर धरून प्लेट मागे-पुढे सरकवा, ढोबळच. मग लेन्स छताकडे करा. नवखे इथेच गडबडतात. ती मागे, तुमच्या बाजूला कलंडली तर वजन वर जास्त आहे, कॅमेरा खाली घ्या. पुढे पडून सरळ व्हायला लागली तर वजन खाली जास्त, कॅमेरा वर उचला. आधाराचे रॉड आणि मोटर खालच्या बाजूला असतात, त्यामुळे माझ्याकडे बहुतेक वेळा दुसराच प्रकार होतो. हे जमलं की पुन्हा समोर करून प्लेट बारीक सरकवा, एकेक मिलिमीटर. परीक्षा एकच: ४५ अंशांवर, वर आणि खाली, हात सोडा. जिथे सोडली तिथे राहिली पाहिजे.

राहत नसेल, आणि दरवेळी एकाच जागी परत येत असेल, तर वजनाला दोष देऊ नका, केबल बघा. जाड एचडीएमआय केबल स्प्रिंगसारखी ढकलते. ती काढून पाहा. तोल लगेच लागला तर चोर सापडला. पातळ केबल घ्या, सैल वेटोळं ठेवा.

रोल, म्हणजे डावीकडे-उजवीकडे कलणं, सोपा. कॅमेरा ज्या बाजूला झुकतो त्याच्या उलट सरकवायचा, एवढंच. पॅन, म्हणजे डावीकडे-उजवीकडे वळणं, लोक टाळतात, कारण गिम्बल उभा असताना चूक दिसत नाही. मुठीचा दांडा आडवा धरा: पॅनचा हात झुलून खाली गेला तर तो हात सरकवा. लांब लेन्ससाठी कॅमेरा मागे गेलेला असतो, म्हणून कालचा पॅन आज चालत नाही.

मग गिम्बल चालू करा, ऑटो ट्यून करा (त्यात गिम्बल मोटरची ताकद स्वतःच ठरवतो) आणि ऐका. बारीक गुणगुण आली तर मोटरची ताकद जास्त झाली असेल, ती थोडी कमी करा. कमी करूनही ठरावीक कोनात थरथर राहिली, तर बोटाने लेन्सच्या टोकाला हलकं दाबा. दाबल्यावर थांबते? मग मोटरचा काही दोष नाही, आधार सैल आहे. पट्टा आवळा, गिम्बल बंद करून टिल्ट एकदा पुन्हा तपासा, कारण आवळताना लेन्स सरकते.