कॅनॉपी तडकू नये म्हणून

कॅनॉपी म्हणजे विमानाच्या कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण; तिची काच म्हणजे खरं तर अ‍ॅक्रिलिक. थंडीत ते ठिसूळ होतं. मुंबईत ती भीती कमी, फक्त कापताना एसी बंद ठेवा. जिगसॉ नकोच; ग्राइंडरची पातळ डिस्क बरी. कडा 120, 220, मग 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. नखाला अडेल एवढी खाच राहिली तरी चीर तिथूनच धावते.

अ‍ॅक्रिलिक मीटरमागे दर अंशाला 0.07 मिमी वाढतं. 20 अंशांत जवळजवळ दीड मिमी! म्हणून 4 मिमीच्या स्क्रूला साडेपाचचं भोक ठेवा. साधं ड्रिल बिट चावतं, त्याची धार आधी थोडी बोथट करून घ्या. फ्रेमशी फट राहिली तर काच दाबू नका, शिम (पातळ पट्टी) घाला. पुसायला साबणपाणी; थिनर, पेट्रोल अजिबात नाही.