‘उत्तर’मधला ‘तर’ कीवर्डसारखा रंगत असेल तर

कोथरूडच्या आमच्या वर्गात मुलांसाठी ‘जर’, ‘तर’ अशा मराठी कीवर्डांची (राखीव शब्दांची) छोटी प्रोग्रामिंग भाषा शिकवतो. कोड रंगीत दाखवायला पायगमेंट्स या पायथन लायब्ररीसाठी लेक्सर, म्हणजे कोडचे तुकडे ओळखणारा भाग, लिहिलाय. लक्षण असं: ‘जरी’मधला ‘जर’ कीवर्डच्या रंगात, ‘उत्तर’मध्ये हलन्ताभोवती लाल चौकट (म्हणजे न ओळखलेलं अक्षर) आणि पुढचा ‘तर’ही कीवर्ड.

फॉन्ट बदलला, थीम बदलली, युनिकोड नॉर्मलायझेशनही केलं. फरक शून्य, डोकं मात्र पार उठलं.

कारण पायथनच्या रेगेक्समध्ये, म्हणजे मजकूर जुळवायच्या नमुन्यांमध्ये, आहे. तिथे वेलांटी, मात्रा, हलन्त ही शब्दातली अक्षरं धरलीच जात नाहीत. त्यामुळे ‘जर’ नंतर ‘ी’ आली की बॅकस्लॅश-बीला (शब्दाची सीमा शोधणारी खूण) शब्द संपल्यासारखा वाटतो. ‘उत्तर’ तर ‘उत’ला तुटतो.

आधी पायगमेंटाइझ ही कमांड रॉ फॉरमॅटरने चालवून टोकन (लेक्सरने पाडलेले तुकडे) बघा, तुकडे कुठे पडतात ते लगेच दिसतं. मग अक्षरांचा स्वतःचा गट करा: नेहमीचा बॅकस्लॅश-डब्ल्यू (शब्दातलं कुठलंही अक्षर), त्यात देवनागरीचे युनिकोड क्रमांक ०९०० ते ०९६३ आणि ०९६६ ते ०९७एफ. मधले दोन दंड (। आणि ॥) मुद्दाम वगळलेत. आमच्याकडे वाक्य दंडानेच संपतं. कीवर्डांची यादी घेणाऱ्या पायगमेंट्सच्या वर्ड्स फंक्शनच्या सफिक्समधला बॅकस्लॅश-बी काढून या गटाचा निगेटिव्ह लुकअहेड (पुढे या गटातलं अक्षर नको) द्या, प्रीफिक्सला निगेटिव्ह लुकबिहाइंड (मागे नको). व्हेरिएबलच्या नावाचा नियमही याच गटाने लिहा. हे राहिलं तर ‘उत्तर’ तुटतच राहतो. शेवटी क्रम, कारण पहिला जुळणारा नियम जिंकतो: संख्या, कीवर्ड, मग नाव.

तपासायला जर, जरी, तर, तरी, उत्तर एवढे शब्द पुरतात.