कीटकांची नक्षी काढताय? निदान या चुका तरी टाळा

दर पावसाळ्यात माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना कीटक सुचतात. साहजिक आहे, खिडकीत पतंग, कुंडीत नाकतोडा, सगळं आयतं समोर असतं. तरीही समोरचा नाकतोडा सोडून मंडळी मोबाईलमध्ये नाकतोडा शोधत बसतात! सतरा वर्षं मी कापडावरच्या छपाईसाठी नक्षी काढतेय. खाली लिहिलेल्या बऱ्याचशा चुका आधी मीच केल्यात, त्याही स्वतःच्या पैशांनी.

खऱ्या मापाचा किडा

ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. तान्ह्या बाळांचे कपडे करणाऱ्या एका मैत्रिणीला गमतीदार कापड हवं होतं. मी पांढऱ्या मलमलवर साखरेचे दाणे वाहून नेणाऱ्या काळ्या मुंग्यांची रांग काढली. मुंगी साधारण सात मिलिमीटरची, पायाखाली करड्या रंगाची बारीक सावली. संगणकावर तिप्पट मोठं करून बघताना इतकं गोड दिसत होतं की मीच माझ्यावर खूश. चाळीस मीटर छापलं आणि दुपटी शिवून झाली.

पहिलं दुपटं एका बारशाला गेलं. आजीबाईंनी ते दोनदा झटकलं, मग गॅलरीत नेऊन कठड्यावर आपटलं, आणि तरी मुंग्या जाईनात तेव्हा बाळाच्या आईला हाक मारली. मैत्रिणीचा फोन आला तेव्हा ती हसत होती, पण बाकीची दुपटी तिने परत पाठवली ती पाठवलीच. उरलेलं कापड आजही माझ्या शिलाई मशीनवर झाकायला आहे. नवीन माणूस घरात आला की त्यावर हमखास एक टिचकी मारतो.

तेव्हापासून माझ्याकडे कीटक एकतर खऱ्याच्या चौपट असतो, नाहीतर इतका लहान की लांबून नुसता ठिपका वाटावा. मधलं माप मी वापरत नाही. सावली तर अजिबात नाही. सावली काढली की किडा कापडात राहत नाही, कापडावर येऊन बसतो. रंगही खरा देऊ नका. नेपोलियनने १८०४ साली राज्याभिषेकाला घातलेल्या झग्यावर मधमाश्याच मधमाश्या होत्या, पण त्या किरमिजी मखमलीवर सोनेरी भरतकामाच्या. कुणाला हाकलाव्याशा वाटल्या नसतील.

टोचून ठेवलेलं फुलपाखरू

इंटरनेटवरून उतरवलेलं फुलपाखरू मला दारातूनच ओळखू येतं. पुढचे पंख ओढून इतके वर नेलेले की त्यांची खालची कड अंगाशी काटकोन करते. संग्रहालयात टाचणी टोचून, पंख ताणून वाळवलेलं फुलपाखरू असं दिसतं. जिवंत फुलपाखरू सहसा असं बसत नाही. मग अख्ख्या साडीवर शंभर मेलेली फुलपाखरं फडफडत असतात आणि काढणाऱ्याला कळतच नाही की हे निर्जीव का दिसतंय.

त्यावर आणखी एक शॉर्टकट म्हणजे अर्धं काढायचं आणि अर्धं आरशासारखं उलटवायचं. वेळ वाचतो, मान्य. पण निदान एक मिशी तरी हलवा, पोट जरा वळवा. नाहीतर रबरी शिक्का दिसतो.

मी काय करते? सकाळी घाणेरीच्या झुडपाजवळ बॉलपेन घेऊन बसते. पेन्सिल नाही, कारण पेन्सिल असली की खोडरबर आठवतो. वीस-पंचवीस गिचमिड्या होतात, त्यांतल्या दोन कामाच्या निघतात. फुलपाखरू बसलं की बहुतेक वेळा पंख मिटतं, म्हणजे खालची बाजू दिसते, आणि ती काढायचं कुणाच्या मनातही येत नाही. सह्याद्रीतलं ब्लू ओकलीफ पंख मिटलं की शीर आणि देठासकट वाळकं पान होतं. एका रंगात छापता येईल अशी नक्षी आयती मिळते, आणि लोक मात्र निळा रंग शोधत फिरतात.

निळ्यावरून आठवलं. ब्लू मॉर्मन हे २०१५पासून आपलं राज्य फुलपाखरू. त्याच्या मागच्या पंखांना शेपट्या नसतात. दर बॅचमध्ये दोघं तरी काढतातच.

शरीराच्या चुका, भराभर

पाय सहा, आणि सहाही छातीच्या भागातून निघतात, पोटातून नाही. कोळी कीटक नाही. मृगाचा मखमली लाल किडासुद्धा नावापुरताच किडा, त्याला आठ पाय असतात. माशीला पंख दोनच. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, पतंगाच्या मिश्या बहुधा पिसासारख्या किंवा दोऱ्यासारख्या. चतुर पंख पसरून बसतो, टाचणी (टोचायची नव्हे, चतुरासारखाच पण सडपातळ कीटक) बहुधा मिटून. सात ठिपक्यांच्या ढालकिड्याचे ठिपके मनाला येतील तसे टाकायचे नसतात, दोन्ही पंखांवर तीन-तीन आणि सातवा डोक्यामागे मधल्या रेषेवर. नक्षीत मोडतोड चालते, जरूर करा. पण माहीत असून केलेली मोडतोड आणि अज्ञान यांतला फरक कापडावर दिसतो.

रिपीट सॉफ्टवेअर करतं ना!

रिपीट म्हणजे कापडभर पुन्हा पुन्हा छापला जाणारा नक्षीचा चौकोन. वरचं वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. सॉफ्टवेअर कडा जोडतं. दहा मीटर कापडावर काय दिसेल ते बघायचं काम तुमचंच.

कुर्त्याच्या कापडासाठी मी एकदा ३२ सेंटिमीटरच्या चौकोनात पाच चतुर बसवले होते, सगळे डोकं वर करून. त्यातल्या एकाची शेपटी लाल, कारण मला वाटलं, जरा मजा येईल. छापून आल्यावर कापडभर तिरपी ओसाड गल्ली पडलेली. एका चौकोनात दोन चतुरांमध्ये राहिलेली बोटभर जागा पुढच्या चौकोनातल्या तसल्याच जागेला जाऊन मिळाली होती. आणि लाल शेपटी दर ३२ सेंटिमीटरला हजर. एकदा दिसली की डोळा तीच मोजत बसतो. त्यात कापड वाचवायला शिंप्याने पाठीचा भाग उलटा बेतला, म्हणजे पुढून चतुर वर उडताहेत आणि पाठीवर जमिनीत सूर मारताहेत.

आता मी चौकोनाच्या नऊ काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स काढते, तीन बाय तीन जोडून कपाटाच्या दाराला चिकटवते आणि चहा टाकता टाकता स्वयंपाकघरातून डोळे किलकिले करून बघते. गल्ली असेल तर लगेच दिसते. दिसली की एखादा कीटक मुद्दाम कडेवर नेऊन अर्धा इकडे, अर्धा तिकडे करते, किंवा शेजारचा स्तंभ अर्ध्या उंचीने खाली सरकवते. दिशाही सगळीकडे फिरवते. वरून बघितलेला कीटक कसाही वळवला तरी वाईट दिसत नाही, हत्ती-मोराचं तसं नाही. आणि रोटरी स्क्रीनवर, म्हणजे फिरत्या जाळीदार नळकांड्यावर छापणार असाल तर नेहमीचा घेर ६४ सेंटिमीटरचा, म्हणजे रिपीट ६४, ३२, १६ असं त्यात बसणारं हवं. ५० सेंटिमीटरचं घेऊन गेलात तर गिरणीवाला एकतर परत पाठवेल, नाहीतर परस्पर दाबून बसवेल.

चमक

भुंगेऱ्याची हिरवी चमक हा रंगद्रव्याचा रंग नसतो, कवचाच्या सूक्ष्म थरांवरून प्रकाश परतताना तो तयार होतो. म्हणून १९०३च्या दिल्ली दरबारातल्या लेडी कर्झनच्या मोरपिशी पोशाखावरचे खरे भुंगेऱ्याचे पंख अजून हिरवे आहेत. तुमची छपाईची शाई तसं करणार नाही. चमकी ओतू नका, ती स्वस्त दिसते आणि चार धुण्यांत जाते. जवळजवळ काळ्या हिरव्याला खेटून पोपटी ठेवा, मध्ये केसाएवढी पांढरी फट सोडा. बाकीचं डोळा भरून काढतो.

काडीसारखे पाय

कागदावर अणकुचीदार निबाने काढलेले पाय सुती कापडावर एकतर पसरतात, नाहीतर उतरतच नाहीत. लाकडी ठशात तर पहिले तुटतात तेच. माझ्या पहिल्या नाकतोड्याच्या वेळी छपाईच्या मास्तरांनी नमुना टेबलावर टाकला आणि म्हणाले, "ताई, चार पाय आलेत, दोन स्क्रीनमध्येच बसलेत. चालवू की थांबू?" थांबवलं. आता अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ मी कापडासाठी काढत नाही, आणि जाड विणीवर पाऊण.