एबीएसच्या गाडीच्या ब्रेकमधली हवा काढताना

आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून मी साताऱ्याकडच्या एका गॅरेजात कामाला लागलो. ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढणं म्हणजे ‘दाब, धर, सोड’, एवढंच तेव्हा माहीत होतं: एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडून बंद करायचं, मग पेडल सोडायचं. जुन्या गाड्यांना ते पुरायचं. पण एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या कारना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, म्हणजे आता या धंद्यात येणाऱ्या पोराच्या हाताखालून जाणारी जवळजवळ प्रत्येक नवी गाडी एबीएसचीच असणार. त्यासाठी हे लिहितोय.

पहिल्याच वर्षी एका हॅचबॅकचे पुढचे दोन्ही ब्रेक होस (चाकाकडे तेल नेणाऱ्या रबरी नळ्या) बदलले होते. मी चाकापाशी निपलवर, दुसरा पोरगा सीटवर पेडल मारायला. दोघंही निपलला नळीने जोडलेल्या बाटलीतल्या बुडबुड्यांकडे बघत राहिलो आणि बॉनेटखालची ब्रेक ऑइलची डबी कधी कोरडी पडली ते कळलंच नाही. पेडल दाबलं की तेल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरने तेलाऐवजी हवा ओढली आणि ती पुढे एबीएसच्या ब्लॉकमध्ये (व्हॉल्व्ह आणि पंप असलेल्या ठोकळ्यात) गेली. त्यानंतर एक लिटरच्या वर तेल चाकांतून काढलं. नळीतून स्वच्छ, बुडबुडा नसलेलं तेल येत होतं, तरी पेडल पायाखाली मऊच. उस्तादांनी एकदा पाय ठेवला आणि म्हणाले, “चाकात हवा नाहीये रे, ब्लॉकमध्ये बसलीय.”

ते नीट समजून घ्या, कारण सगळं त्यातच आहे. ब्लॉकमध्ये प्रत्येक चाकासाठी दोन व्हॉल्व्ह असतात. आत जाणारा एरवी उघडा असतो, म्हणून साध्या ब्रेकला तेल त्यातून सरळ चाकाकडे जातं. बाहेर सोडणारा एरवी बंद असतो. चाक लॉक व्हायला लागलं तरच तो उघडतो, तेल एका छोट्या कप्प्यात येतं आणि पंप ते परत मास्टर सिलिंडरकडे ढकलतो. या बंद व्हॉल्व्हमागे हवा अडकली, तर तुम्ही दिवसभर पेडल मारा, तिथलं तेल हलणारच नाही.

तिथे स्कॅनरच लागतो, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून एबीएसचे व्हॉल्व्ह आणि पंप चालवता येतात ते यंत्र. आधी बॅटरीला चार्जर लावा, कारण पंप भरपूर करंट खातो आणि मध्येच व्होल्टेज पडलं की प्रक्रिया तुटते. स्कॅनरमध्ये एबीएस ब्लीडिंग निवडून तो सांगेल त्या चाकाचं निपल उघडायचं. पंप सुरू झाला की बॉनेटखाली घर्रर्र आवाज येतो, पेडल पायाखाली थरथरतं. त्या दिवशी मागच्या डाव्या चाकाच्या नळीत आधी काही नाही आणि मग अचानक साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे आले. मला अजून ती नळी डोळ्यांसमोर दिसते. नंतर चारही चाकांची साध्या पद्धतीने पुन्हा हवा काढली, तेव्हा पेडल वर आलं. स्कॅनर नाही म्हणून रिकाम्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारून एबीएस चालवून घ्यायचं, असं कुणी शिकवेल. मऊ पेडलची गाडी रस्त्यावर काढू नका. ती गाडी स्कॅनर असलेल्या गॅरेजला टो करून पाठवा.

नुसतं कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) किंवा होस बदललं आणि डबी कोरडी पडू दिली नाही, तर बहुतेक गाड्यांत साधी पद्धत पुरते. म्हणून डबीवर नजर ठेवायला तिसरा माणूस उभा करा. नसेल तर दर पाच-सहा दाबांनंतर उठून तेल घाला. लांबचं चाक आधी, हा जुना नियम. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचं डावं. पण आताच्या पुष्कळ गाड्यांत लाइनी तिरक्या जोडलेल्या असतात (पुढचं उजवं आणि मागचं डावं एका लाइनीवर), त्यामुळे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला क्रमच खरा. निपलला रिंग पानाच लावा, उघड्या तोंडाच्या पान्याने कडा गोल होतात. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. पेडल पार तळाला गेलं की मास्टर सिलिंडरचे सील आतल्या गंजलेल्या भागावरून घासतात आणि सिलिंडर गळायला लागू शकतो.

आणखी एक. कॅलिपर बसवल्यावर निपल वरच्या बाजूला आहे ना बघा. डावं उजवीकडे बसवलं तर निपल खाली येतं, आणि हवा वरच राहते.

तेल डबीच्या झाकणावर लिहिलेलं तेच, सीलबंद डब्यातलं. ते हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ४ (ब्रेक तेलाचा एक दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १५५ वर येऊ शकते. पसरणीच्या घाटातून वाईकडे उतरताना ब्रेक तापतात. तेल उकळलं की त्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते. पेडल मग तळाला जातं. आमच्याकडे पाचगणीहून येणाऱ्या गाड्या जास्त, त्यामुळे दोन वर्षांपेक्षा जुनं तेल मी ठेवत नाही.

शेवटी इंजिन बंद ठेवून पेडल दोन-तीनदा मारा, मग अर्धा मिनिट दाबून धरा. सरकता कामा नये. तसंच धरून इंजिन सुरू करा, ते थोडं खाली येऊन थांबलं पाहिजे. चारही निपल पुसून पुन्हा बघा, मग आवारातच हळू चालवून ब्रेक मारा. मीटरवरचा एबीएसचा दिवा विझलेला असेल तरच गाडी गेटबाहेर काढा.