द्वारका, अबू, जैसलमेर : एकाच ट्रिपमध्ये तीन हवा, बॅगा कशा भरायच्या

गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वरांची जत्रा, झाला की चार दिवसात आपण निघायलोय म्हणून सगळ्यांसाठी एकदाच नीट लिहितेय, घाईत वाचू नका आणि आत्याला, मोठ्या काकूंना कुणीतरी शेजारी बसून वाचून दाखवा. आपण सोलापूरची माणसं उन्हाला घाबरत नाही, मे महिन्यात 43-44 झालं तरी दुपारची कामं करतो, पण थंडीची आपल्याला सवयच नाही. आपल्याकडं जानेवारीत पारा 14-15 वर आला की सकाळी स्वेटर निघतो आणि दहा वाजता परत कपाटात जातो, मग बॅग भरताना पण आपण तोच अंदाज धरतो. इथं तसं चालणार नाही, कारण आधी द्वारकेचा समुद्र, मग अबूचा डोंगर आणि शेवटी जैसलमेरची वाळू, आठ-नऊ दिवसात तिन्ही.

सगळ्यात आधी मोबाईलवर हवामान कसं बघायचं ते. तिथं वर मोठा आकडा दिसतो ना, जैसलमेर 24 वगैरे, तो बघून आपल्यासारखीच हवा आहे म्हणू नका, तो दुपारचा आहे. खाली बारीक अक्षरात रात्रीचा आकडा असतो तो बघा, तिथं तो जानेवारीत 7-8 असतो आणि थंडीची लाट आली तर अजून खाली जातो, आणि त्याच्या बाजूला वारा किती ते पण बघा, कारण 10 डिग्री बिनवाऱ्याची आणि 10 डिग्री वाऱ्याची ह्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पंधरा दिवसांचा अंदाज आत्तापासून बघत बसू नका, निघायच्या आधीचे चार-पाच दिवस हवामान खात्याच्या मौसम ॲपवर रोज बघा, गुजरातसाठी अहमदाबाद केंद्र आणि राजस्थानसाठी जयपूर केंद्र काय म्हणतंय ते. तिथं इशाऱ्याचा रंग असतो, हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, आणि लाल दिसला तर मला लगेच फोन करा, आपण कार्यक्रम बदलू.

अंदाजात "पश्चिमी विक्षोभ" असा शब्द आला तर तिथं थांबून वाचा. भूमध्य समुद्राकडनं इराण-अफगाणिस्तान करत येणारी ही सिस्टिम, ती आली की राजस्थानात ढग येतात, थोडा पाऊस पडतो, तिकडं त्याला मावठ म्हणतात. ढग असतात तेव्हा रात्र त्यातल्या त्यात उबदार असते, लोकांना वाटतं थंडी गेली, आणि खरी थंडी येती ती ढग गेल्यावर, आभाळ साफ झालं आणि उत्तरेचा वारा सुटला की. म्हणजे पाऊस झाला अशी बातमी आली तर एक स्वेटर कमी नाही, एक जास्त घ्यायचा. आणि सकाळी धुकं पडतं, गाड्या लेट होतात, म्हणून जोडगाडी पकडताना मधे भरपूर वेळ ठेवलाय मी, त्यावर कुणी कुरकुर करू नका.

आता द्वारका-सोमनाथ. इथं थंडी फारशी नाही, समुद्र जवळ असला की रात्रपण फार उतरत नाही, सुती कपडे आणि एक पातळ स्वेटर बास. पण वारा सतत आणि खारट, चष्म्यावर बारीक थर बसतो, पुसायला मऊ फडकं ठेवा. गोमती घाटावर पायऱ्यांना शेवाळ असतं, आत्याला मागं पट्टी असलेली, रबरी तळाची चप्पलच घालायची आणि हात सोडायचा नाही. आपल्याला भरती-ओहोटीची सवय नाही, पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं, आणि पौर्णिमा-अमावस्येला जास्त चढतं, तेव्हा पोरांनी लांबूनच बघायचं. बेट द्वारकेला आता बोटीची भीती नाही, फेब्रुवारी 2024 मध्ये सुदर्शन सेतू झाला, गाडीनं जाता येतं. आणि हो, कडक भाकरी उघडी नेऊ नका, समुद्राच्या हवेत ती एका रात्रीत सादळते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि जैसलमेरपर्यंत अर्धी तरी शिल्लक ठेवा, तिथल्या कोरड्या हवेत ती कुडकुडीत राहते, शेंगाचटणी पण.

अबूबद्दल मला मनापासून सांगायचंय. चार वर्षांपूर्वी आम्ही आईला घेऊन गेलो होतो, खाली अबू रोड स्टेशनवर दुपारी ऊन होतं म्हणून थंडीचे कपडे मोठ्या बॅगेत तळाला ठेवले. घाट चढून वर गेलो तर संध्याकाळी सहा वाजता आईच्या बोटांना स्वेटरचं बटन लावता येईना, मी लावून दिलं तेव्हा तिची बोटं बर्फासारखी लागली. सकाळी गाडीच्या काचेवर पांढरा थर होता, ड्रायव्हर प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडत होता आणि खरखर आवाज येत होता, दवाचा बर्फ झालेला. हॉटेलात गरम पाणी मिळेल म्हणाले होते ते मिळालं नाही, आईनं तशीच गार पाण्यानं आंघोळ केली आणि पुढचे दोन दिवस ताप. म्हणून ह्यावेळी थर्मल, कानटोपी, हातमोजे, लोकरीचे दोन जोड मोजे हे सगळं वरच्या छोट्या बॅगेत, घाट लागायच्या आधी हाताला लागलं पाहिजे. अबू 1200 मीटरवर आहे, गुरुशिखर तर 1722 मीटर, अरवलीतलं सगळ्यात उंच, तिथं वारा अंगातनं जातो. आंघोळ सकाळी नाही, दुपारी ऊन असताना करायची, देवदर्शन राहिलं तरी चालेल. बीपीवाल्यांनी गोळ्या चुकवायच्या नाहीत, थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी चढतं, तात्या हे तुमच्यासाठी आहे. गोळ्या दोन जागी ठेवा, एक पाकीट खिशात.

आणि जैसलमेर. गावापासून साधारण 40 किमीवर सम, तिथं आपण तंबूत एक रात्र राहणार. दुपारी टीशर्टवर फिराल, पण सूर्य सव्वासहाच्या आसपास बुडतो आणि कोरडी वाळू ऊब धरून ठेवत नाही, हवेत ओल नाही, आभाळ मोकळं, अर्ध्या तासात फरक कळतो. उंटावर बसायच्या आधीच जॅकेट कमरेला बांधा, उंटावरनं उतरल्यावर शोधत बसू नका. सूर्य तिथं उगवतो पण आपल्यापेक्षा अर्धा-पाऊण तास उशिरा, म्हणजे सात वाजता पोरांना उठवून बाहेर काढायची काही गरज नाही. तंबूत थंडी खालून येती हे लक्षात ठेवा, वर दोन रजया घेतल्या तरी पाठ गार पडते, तिथंच आपली सोलापुरी चादर कामाला येते, दुहेरी घडी करून गादीवर अंथरायची आणि मग झोपायचं. बाहेर शेकोटीला बसताना मात्र ती नुसती पांघरू नका, सुती आहे, वारा आत येतो, वरून जॅकेट पाहिजेच.

तहान लागणार नाही तरी पाणी प्यायचं, कोरड्या हवेत अंग सुकतं आणि कळत नाही, ओठ फुटतात, पोरांचे गाल फुटतात, व्हॅसलीनची मोठी डबी मी घेतेय. वाळू चार्जिंगच्या खाचेत, कॅमेऱ्यात, बॅगेच्या चेनमधे जाते म्हणून मोबाईल झिपच्या पिशवीत, पॉवर बँक प्रत्येकाची वेगळी, थंडीत बॅटरी लवकर उतरते. तोंडाला बांधायला मोठा रुमाल, पायात बंद बूट.

बॅग भरायचा क्रम उलटा धरा, वाळवंटाचं तळाला, समुद्राचं वर, आणि अबूची छोटी बॅग वेगळी. चादरी माझ्याकडं चार आहेत, अजून तीन लागतील, ज्यांच्याकडं जुन्या जाड असतील त्यांनी त्याच आणा, नवीन घेऊ नका. शनिवारी संध्याकाळी सगळे आमच्याकडं या बॅगा घेऊन, आत्याची मी स्वतः भरणार आहे.