आडतीचा सर्व्हर हैदराबादला हलवला

लातूरच्या मोंढ्यात आमच्या आडतीवर हिशोबाचा सर्व्हर गोदामामागच्या खोलीत होता. मे महिन्यात पारा ४२ च्या वर, त्यात तुरीच्या भुशाची धूळ. आमचा एसी इन्व्हर्टरवर चालत नव्हता. लाइट गेली की खोली तापायची आणि ऐन सौद्यात मशीन आपोआप बंद. शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदासाठी, ताटकळत.

अ‍ॅमेझॉनचं हैदराबादचं डेटा सेंटर, जिथं सर्व्हर भाड्यानं मिळतो, २०२२ पासून सुरू आहे आणि आम्हाला ते मुंबईपेक्षा जवळ. मालक म्हणाले, "म्हणजे परत निजामाकडं का?" पण हो म्हणाले.

सॉफ्टवेअर हलवणं सोपं गेलं. छळलं ते प्रिंटरनं. दुकानातल्या डॉट मॅट्रिक्सवर पट्टी तिरकी यायची. क्लाउडवरच्या, म्हणजे त्या भाड्याच्या मशीनवरच्या, विंडोजमध्ये त्याच प्रिंटरचा ड्रायव्हर टाकून कागदाची लांबी हातानं भरली, तेव्हा रेघा जुळल्या.

पहिलं बिल बघून दिवाणजींनी चष्मा काढून पुसला. मोंढा संध्याकाळी उठतो, मशीन मात्र रात्रभर चालू, आणि त्याचं भाडंही! मग सकाळी चालू, रात्री बंद, असं वेळापत्रक लावलं. मशीन बंद असलं तरी डिस्कचं भाडं लागतंच, हे धरून चाला.

विजेचं म्हणाल, तर डेटा सेंटरची एकूण वीज भागिले संगणकांची वीज, याला पीयूई म्हणतात. आदर्श आकडा १. आमच्या खोलीत एसीच सर्व्हरपेक्षा जास्त खायचा, म्हणजे आकडा २ च्या वर. इंटरनेटची फायबर तुटली तर मोबाइलचं हॉटस्पॉट पुरतं. त्या खोलीत आता बारदाना ठेवतो.